रुग्णालयातल्या पगारी वकिलांचा चर्चागट: सुरू कसा करायचा आणि चालवायचा कसा

शनिवारी रात्री पावणेबाराला फोन येतो. कॅज्युअल्टीत हवालदार उभा आहे, त्याला पेशंटचे मूळ केसपेपर आत्ताच्या आत्ता हवेत. ड्युटीवरच्या आरएमओचा (निवासी डॉक्टरचा) आवाज कापरा झालाय आणि एमआरडीची, म्हणजे रेकॉर्ड विभागाची, किल्ली ज्याच्याकडे असते तो घरी गेलाय. "सर, देऊन टाकू का?" उत्तर द्यायला तुमच्याकडे दोन मिनिटं आहेत. तुम्ही कुणाला विचारणार? पॅनेलवरचे, म्हणजे रुग्णालयाने बाहेरून नेमलेले, वकीलसाहेब झोपलेत. मेडिकल डायरेक्टरांना उत्तर तुमच्याकडूनच हवंय.

कारखान्यात, बँकेत विधी विभागात चार-पाच माणसं तरी असतात. दीडशे-दोनशे खाटांच्या रुग्णालयात बहुधा एकच. डॉक्टरांना आपण व्यवस्थापनाचे वाटतो, व्यवस्थापनाला डॉक्टरांचे. कोर्टातल्या जुन्या मित्रांच्या लेखी तर आपण काळा कोट खुंटीला टांगून पगारावर बसलेलो. डॉक्टरांना निदान त्यांची मॉर्टॅलिटी मीटिंग असते, तिथे दार लावून चुकलेल्या केसवर बोलता येतं. आपल्याला तसं काही नाही, म्हणून आम्ही पुण्यात पाच जण महिन्यातून एकदा बसायला लागलो. त्याला आता बरीच वर्षं झाली. मधे गट एकदा मोडलाही. पुढे जे लिहितोय ते त्या मोडण्यातून आलंय.

माणसं किती आणि कोणती

सहा ते नऊ. चारच्या खाली गेलात की दोघं गैरहजर असताना नुसतीच गप्पांची बैठक होते. दहाच्या वर गेलात की कुणी स्वतःची चूक सांगत नाही, सगळे भाषण करतात.

एका रुग्णालयातून एकच माणूस घ्या. पद काहीही असो, लीगल मॅनेजर, विधी अधिकारी, मेडिको-लीगल को-ऑर्डिनेटर. रात्रीचा फोन ज्याला येतो तो आपला. एलएलबी केलेले डॉक्टर हल्ली बरेच आहेत. ते रुग्णालयाच्या नोकरीत हेच काम करत असतील तर जरूर घ्या, केसपेपरवरचं अक्षर लागायला तरी मदत होते. पॅनेलवरचे वकील, विमा कंपनीचे लोक, रुग्णालयाचे मालक आणि एचआरवाले मात्र बाहेर. माणसं वाईट आहेत म्हणून नव्हे. आज आपण ज्यावर मन मोकळं करू, त्यावर उद्या त्यांना फी घ्यायची किंवा निर्णय द्यायचा असू शकतो.

सरकारी, धर्मादाय आणि कॉर्पोरेट अशी सरमिसळ असेल तर उत्तम. एक अडचण सांगून ठेवतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली येणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकातल्या रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात. त्यातले प्रश्न इतके खास असतात की कॉर्पोरेटवाले दहाव्या मिनिटाला मोबाइल काढतात. त्या विषयाला धर्मादायवाल्यांनी वेगळं बसावं.

आधी साहेबांना सांगा

चोरून बसू नका. आमचा गट मोडला तो याच कारणाने. एका सदस्याने वरिष्ठांना सांगितलं नव्हतं. पुढे त्यांच्या कानावर "आपला लीगलवाला दुसऱ्या हॉस्पिटलच्या लोकांना भेटतो" एवढंच गेलं आणि त्याला स्पष्टीकरण लिहून द्यावं लागलं. चूक त्याच्या वरिष्ठांची होती असं मला वाटत नाही.

परवानगीचा अर्ज एका पानाचा पुरे. त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: कोणत्याही रुग्णाची किंवा डॉक्टरची ओळख उघड होणार नाही, दर-पगार-करार यांवर चर्चा होणार नाही, आणि रुग्णालयाची कागदपत्रं बाहेर जाणार नाहीत. त्यावर "अनुमती आहे" असा शेरा आणि तारीख घ्या, नुसतं "हो हो, जा की" पुरत नाही. आपण दिवसभर डॉक्टरांना लेखी नोंदीचं महत्त्व सांगत फिरतो, हे विसरायचं नाही.

पहिल्या बैठकीत केस काढू नका

पहिली बैठक फक्त नियमांची. कंटाळवाणी होते, होऊ द्या. आमचे चार नियम आहेत.

पहिला: इथे बोललेल्याला कायद्याचं कवच आहे असं समजायचं नाही. बार कौन्सिलच्या नियम ४९ नुसार पूर्णवेळ पगारी नोकर असलेला माणूस वकिली करू शकत नाही. त्याच धाग्यावर सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात सांगून टाकलं की वकील आणि अशील यांच्यातल्या संवादाला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चं गोपनीयतेचं जे संरक्षण आहे ते इन-हाउस, म्हणजे पगारी, वकिलाला मिळणार नाही. आपण मालकाच्या विधी सल्लागाराशी केलेल्या बोलण्यापुरता कलम १३४ चा आडोसा आहे, मालक आणि आपल्यातल्या बोलण्याला तोही नाही; मग दुसऱ्या रुग्णालयाच्या सहा माणसांसमोर बोललेलं त्यात कसं बसवणार? त्यामुळे प्रत्येक वाक्य बोलताना असं धरून चाला की उद्या कुणी शपथेवर विचारू शकेल.

दुसरा: ओळख पुसून मगच प्रकरण आणायचं. नाव आणि आयपीडी (भरती रुग्णाचा) नंबर काढला की झालं, असा समज असतो. पुण्यासारख्या शहरात "अमुक तालुक्यातल्या सभापतींचा मेहुणा" म्हटलं की नावाची गरजच उरत नाही. वय पाच-सात वर्षांनी सरकवा. महिना सांगू नका. मुद्द्याशी संबंध नसेल तर आजारही बदला. घड्याळातल्या वेळांऐवजी "शस्त्रक्रियेच्या चाळीस मिनिटं आधी" असं सांगा. एचआयव्हीबाधित रुग्ण आणि लैंगिक अत्याचाराचे बळी यांच्या बाबतीत तर ओळख उघड करण्यालाच कायद्याने बंदी आहे. अशी प्रकरणं आम्ही आणतच नाही, फक्त कार्यपद्धतीवर बोलतो.

तिसरा: दर, सूट, पगार बंद. सदस्य एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या रुग्णालयांचे नोकर आहेत. "टीपीएला तुम्ही किती टक्के सोडता?" (टीपीए म्हणजे विम्याचे दावे हाताळणारी कंपनी) हा प्रश्न चहाच्या कपाबरोबर सहज येतो आणि स्पर्धेला मारक संगनमताला बंदी घालणाऱ्या स्पर्धा अधिनियम २००२ च्या कलम ३ च्या दिशेने तितक्याच सहज जातो. हा नियम जिन्यात आणि पार्किंगमध्येही लागू.

चौथा नियम आम्हाला धडा मिळाल्यावर सुचला. एका बैठकीत एक ताई प्रकरण सांगत होत्या. पेशंट छोट्या रुग्णालयातून त्यांच्याकडे हलवलेला, येईपर्यंत उशीर झालेला. पाचव्या मिनिटाला समोरच्या खुर्चीतल्या माणसाचा चेहरा उतरला. हलवणारं रुग्णालय त्याचं होतं, आणि नोटीस दोघांनाही आलेली होती. तेव्हापासून प्रकरण आणणाऱ्याने निमंत्रकाला आदल्या आठवड्यात फोनवर एवढंच सांगायचं: पेशंट कुठून आला होता का, पुढे कुठे गेला का, आणि त्यात गटातलं कुणी आहे का. असेल तर ते प्रकरण बाद. "तो सदस्य बाहेर जाईल" अशी पळवाट ठेवू नका, कारण बाहेर गेलेल्या माणसालाही आपण का बाहेर आहोत हे कळतं.

जागा आणि वेळ

कुणाच्याही रुग्णालयात बसू नका, यजमानाला मध्येच ओटीतून (शस्त्रक्रियागृहातून) बोलावणं येतं. हॉटेलही नको, शेजारच्या टेबलावर कुणाचे नातेवाईक असतील सांगता येत नाही. एखाद्या ग्रंथालयाची किंवा संस्थेची छोटी खोली तासावर मिळते. आम्ही दुसऱ्या शनिवारी सकाळी साडेदहाला बसतो आणि बाराला उठतो. दीड तास म्हणजे दीडच. सांगली-मिरज किंवा सोलापूरकडच्या सदस्यांसाठी ऑनलाइन चालतं, पण रेकॉर्डिंग बंद आणि कानाला इअरफोन हवाच. पहिली दोन वेळा मात्र त्यांनी प्रत्यक्ष यावं. समोरासमोर चहा घेतल्याशिवाय माणूस स्वतःची चूक सांगत नाही.

एका प्रकरणाची पन्नास मिनिटं

बैठकीचा कणा हाच आहे. एका वेळी एकच प्रकरण, आणि तेही "खटला" म्हणून आणायचं नाही. तुम्हाला कोणता निर्णय घ्यावा लागला किंवा घ्यायचाय, तो एका वाक्यात आणा. "डॉक्टरांचं चुकलं का?" हा आपला प्रश्न नाही, त्यासाठी तज्ज्ञ आहेत. "डॉक्टर म्हणतात तशी नोंद दुरुस्त करू द्यायची का?" हा आपला.

दहा मिनिटं आणणारा बोलेल. पुढची पंधरा मिनिटं बाकीचे फक्त प्रश्न विचारतील, सल्ला एकही नाही. वकिलांना हे भयंकर जड जातं. "तुम्हाला असं नाही का वाटत की..." हा प्रश्न नसून सल्लाच आहे हे निमंत्रकाने तिथल्या तिथे सांगायचं. मग वीस मिनिटं मोकळी चर्चा. शेवटची पाच मिनिटं पुन्हा आणणाऱ्याची. त्याने सोमवारी काय करणार तेवढंच सांगायचं.

माझंच एक सांगतो. (तपशील इथेही बदललेत.) ठरवून केलेली शस्त्रक्रिया. संमतीपत्रावर सहीची वेळ १०.४०, आणि भुलीच्या कागदावर भूल दिल्याची वेळ १०.१५. म्हणजे कागद सांगत होता की भूल दिल्यावर पंचवीस मिनिटांनी पेशंटने सही केली! नातेवाइकांनी केसपेपरची प्रत मागितल्यावर सर्जन माझ्याकडे आले, "हे १०.४० चं ९.४० करू का? सिस्टरकडून चुकून पडलंय." भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे मागणी आल्यापासून ७२ तासांत प्रत द्यायची असते. मी "बघतो" म्हणालो आणि एक अख्खा दिवस काहीच बोललो नाही. ती माझी चूक. त्या दिवसात कुणी पेन चालवलं असतं तर पुढे मला तोंड नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी कागद होता तसाच, एकही अक्षर न बदलता दिला. गटापुढे माझा प्रश्न होता: आता खुलासा कुणाचा, कसा आणि कुठे ठेवायचा?

प्रश्नांच्या फेरीत सगळे समीरा कोहलीच्या, २००८ च्या निकालाकडे वळले. संमती खरी कशाला म्हणायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने तिथे नीट सांगितलंय. पण एका सरकारी रुग्णालयातल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "वॉर्डातलं घड्याळ आणि ओटीतलं घड्याळ जुळतं का हो तुमच्याकडे?"

सोमवारी सकाळी मोबाइल हातात धरून मी सातही वॉर्ड फिरलो. त्या वॉर्डातलं भिंतीवरचं घड्याळ अठरा मिनिटं पुढे होतं. म्हणजे १०.४० चे १०.२२ झाले. तरी सात मिनिटं उरतातच! त्या सिस्टरशी बोलल्यावर कळलं की सही आधी झाली होती, वेळ मात्र फाइल लावताना टाकली होती. मग तिचं आणि सर्जनचं स्वतंत्र निवेदन घेतलं, ज्या दिवशी लिहिलं त्याच दिवसाची तारीख घालून. मूळ कागदाला हात लावला नाही. पुढच्या महिन्यात कळलं की गटातल्या आणखी चौघांनी आपापली घड्याळं तपासली होती, आणि एकाचीही जुळत नव्हती. निकालांच्या वाचनात हे कधी हाती लागलं नसतं.

विषय कुठून आणायचे

प्रकरण नसेल त्या महिन्यात विषय घ्या. पण "ग्राहक संरक्षण कायदा: एक आढावा" असला विषय नको, त्यावर व्याख्यानं भरपूर होतात. आमच्याकडे रंगलेले दोन सांगतो.

एक म्हणजे नोटिशीचा प्रवास. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून रुग्णसेवा ग्राहक कायद्यात आली हे सगळ्यांना पाठ आहे. ग्राहक आयोगात लेखी जबाब द्यायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. ४६ वा दिवस नाही, असं घटनापीठाने मार्च २०२० मध्ये पक्कं केलं. हे दिवस तक्रारीच्या प्रतीसह नोटीस रुग्णालयाला मिळाल्यापासून मोजतात, तुमच्या टेबलावर आल्यापासून नव्हे. प्रत्येकाने आपल्याकडे नोटीस कोणत्या दारातून येते आणि कुणाकुणाच्या ट्रेमध्ये मुक्काम करते हे कागदावर काढून आणलं. एकाकडे सिक्युरिटी, मग बिलिंग, मग ज्या डॉक्टरांचं नाव आहे त्यांच्या ओपीडीचा खण, आणि डॉक्टर परदेशी परिषदेला! एकोणिसाव्या दिवशी नोटीस विधी विभागात. त्या बैठकीतून तिघांनी आवक-जावकला लाल शिक्का सुरू केला: न्यायालय, आयोग, पोलिस, मेडिकल कौन्सिल यांचा लिफाफा आला की न उघडता त्याच दिवशी विधी विभागात.

दुसरा विषय भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१). निष्काळजीपणाने मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा, पण वैद्यकीय उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरकडून घडलं तर दोन वर्षांपर्यंत. ऐकून डॉक्टर खूश झाले. स्पष्टीकरण नीट वाचा. नोंदणीकृत म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम २०१९ खाली मान्य पदवी असलेला आणि त्याच कायद्याखालच्या नोंदवहीत नाव असलेला. मग रात्रीच्या ड्युटीला असलेले आपले बीएएमएस, बीएचएमएस आरएमओ? सिस्टर? भूलतंत्रज्ञ? शब्दशः वाचलं तर ते दोन वर्षांच्या कप्प्यात बसत नाहीत. रुग्णालयाचं विमा कवच घेताना, ड्युटी लावताना आणि तोंडी आदेशावर औषध देताना याचा काय परिणाम होतो, यावर आम्ही सलग दोन बैठका घालवल्या आणि तरी एकमत नाही. १ जुलै २०२४ नंतरच्या घटनांना हे लागू आहे, तेव्हा तुमच्या गटातही एकदा घ्याच. याच ओघात सर्वोच्च न्यायालयाचा जेकब मॅथ्यू, २००५ हा निकाल पुन्हा वाचा: डॉक्टरवर कारवाईआधी स्वतंत्र, सक्षम वैद्यकीय मत. पोलिस ठाण्यातून पत्र आलं की पहिल्या उत्तरात याचा उल्लेख कसा करायचा, याचे नमुने एकमेकांना वाचून दाखवता येतात.

आणि तो पावणेबाराचा हवालदार. आमच्या गटात ठरलेली पद्धत अशी: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खालचं (कागदपत्रं हजर करण्याबद्दलचं) लेखी पत्र मागायचं, पत्रावर ठाण्याचा शिक्का आणि अधिकाऱ्याची सही बघायची, शक्यतो साक्षांकित प्रत द्यायची. मूळच हवं असेल तर आधी प्रत्येक पानाला नंबर, मग पूर्ण झेरॉक्स संच, मग पानांच्या संख्येसह पोच. ही पद्धत एका कार्डावर छापून कॅज्युअल्टीच्या काउंटरमागे लावली की रात्रीचे निम्मे फोन बंद होतात. एमआरडीच्या दुसऱ्या किल्लीचंही त्याच कार्डावर लिहा.

व्हॉट्सअ‍ॅप आणि नोंदी

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप फक्त तारीख, जागा आणि जाहीर झालेले निकाल एवढ्यासाठी. "अर्जंट, कुणाला असा अनुभव?" म्हणून केसपेपरचा फोटो टाकणारा एक जण प्रत्येक गटात निघतो. फोटो डिलीट करायला लावा, त्याला फोन करा, आणि पुढच्या बैठकीत न रागावता नियम पुन्हा वाचा. दुसऱ्यांदा घडलं तर त्याला निरोप द्या.

इतिवृत्त लिहू नका. एका वहीत महिन्याला तीन-चार ओळी पुरेत: कार्यपद्धतीतला कोणता बदल सुचला, कोणता निकाल वाचला. कोण काय म्हणालं हे नको. आमच्या वहीतली त्या घड्याळाच्या बैठकीची नोंद एवढीच आहे: "सर्व विभागांची घड्याळं दर सोमवारी जुळवणे. वेळ सही करतानाच टाकणे."

बिघडतं कुठे

बहुतेक वेळा सगळ्यात अनुभवी माणसापाशी. तो वाईट नसतो, त्याच्याकडे प्रत्येक प्रकरणावर स्वतःचं एक सरस प्रकरण असतं. त्यालाच निमंत्रक करा, निमंत्रकाला मत द्यायची बंदी असते! निमंत्रकपद सहा महिन्यांनी फिरतं ठेवा.

दुसरी जागा म्हणजे तयार उत्तरांची देवाणघेवाण. एकाचा संमतीपत्राचा मसुदा सगळ्यांनी जसाच्या तसा उचलला, आणि एका रुग्णालयाच्या फॉर्मवर जे यंत्र त्यांच्याकडे नव्हतंच त्याचे धोके छापले गेले. मसुदे वाचून दाखवा, वाटू नका.

नवा सदस्य घेताना सगळ्यांची संमती हवी, एकाचाही नकार पुरे, आणि त्याने कारण द्यायची गरज नाही. सदस्याने रुग्णालय बदललं तर तो गटात राहू शकतो, फक्त नव्या साहेबांची परवानगी नव्याने आणायची. नोकरी सोडून कोर्टात उभा राहायला लागला तर मात्र त्याच महिन्यात बाहेर. आमचा एक जण असाच गेला. आता तो तक्रारदारांच्या बाजूने उभा राहतो, आयोगाच्या जिन्यात भेटला की हसून विचारतो, "घड्याळं जुळवली का रे सगळ्यांनी?" आम्ही हसतो आणि उत्तर देत नाही.